अ‍ॅक्सोलॉटल जेवत नाही? औषधाची बाटली खाली ठेवा, आधी पाणी तपासा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी घरातल्या सगळ्या वस्तूंबरोबर फिश टँकच्या फिल्टरचा स्पंजही धुतला. नळाखाली धरून, पिळून पिळून, अगदी दुकानातून नवा आणल्यासारखा. चौथ्या दिवशी गुंड्यानं, म्हणजे माझ्या अ‍ॅक्सोलॉटलनं, गांडूळ तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. कल्ले पुढं वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "पिवळ्या औषधाचे दहा थेंब सोडा, उद्यापर्यंत टकाटक होईल." बाटली हातात घेतलीही होती. नशिबानं त्याआधी टेस्ट किट काढलं. अमोनिया १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. तो शून्यच असायला हवा.

म्हणजे गुंड्या आजारी नव्हता. स्पंजमध्ये राहणारे, अमोनिया पचवणारे जिवाणू मी नळाच्या क्लोरीननं मारले होते आणि गुंड्या चार दिवस स्वतःच्याच घाणीत भाजत होता. त्यावर औषध सोडलं असतं तर उरलेसुरले जिवाणूही गेले असते.

सांगली-मिरजेत हा प्राणी पाळणारे आता बरेच जण भेटतात. रील पाहून आणतात, आणि मार्च उजाडला की घाबऱ्या आवाजात फोन सुरू होतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

हा मासा नव्हे

दुकानात 'चालणारा मासा' म्हणून विकतात, पण अ‍ॅक्सोलॉटल हा सॅलॅमँडर आहे, उभयचर, बेडकाच्या नात्यातला. आयुष्यभर कल्ले ठेवून पाण्यातच राहतो एवढंच. त्याची त्वचा उघडी, खवल्यांविना. पाण्यात जे असेल ते थेट अंगात उतरतं. म्हणून माशाला सोसणारं औषध याला सोसेलच असं नाही.

दुसरी गोष्ट गावाची. याचं मूळ घर मेक्सिको सिटीजवळचे सोचिमिल्कोचे कालवे, समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर. पाणी बारा महिने गार. त्याला मानवतं १६ ते १८ अंश सेल्सिअस. २० पर्यंत ठीक, २२ ला लक्ष ठेवायचं, २४ ला हालचाल करायची. आणि आपण एप्रिल-मेमध्ये चाळिशीत भाजणाऱ्या कृष्णाकाठी राहतो. पंख्याखालच्या खोलीतही टँकचं पाणी सहज ३० ला जातं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो (१८ अंशाला लिटरमागे सुमारे साडेनऊ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात), आणि नेमकी तेव्हाच प्राण्याची गरज वाढते. भूक मरते, प्रतिकारशक्ती ढासळते, बुरशी बसते. बुरशी दिसली म्हणून लोक बुरशीचं औषध शोधतात. पाणी मात्र तिशीतच राहतं.

घाबरू नये अशा गोष्टी

अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं चालतं. झोपेत कल्ले फिके पडतात, हालचाल केली की पुन्हा लाल होतात. कल्ले झटकणं, जांभई दिल्यासारखं तोंड उघडणं, कात टाकताना अंगावरून पातळ पापुद्रा सुटणं, हेही नेहमीचंच. मोठा झालेला नर शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी फुगीर दिसतो. त्याला गाठ समजून एकानं मला रात्री अकरा वाजता फोटो पाठवला होता.

आणि एक आपल्याकडचं खास. गांडूळखताच्या बेडमधलं तांबडं, चपळ गांडूळ दिलं आणि त्यानं थुंकलं, तर लगेच आजार समजू नका. ते गांडूळ कडू पिवळसर द्रव सोडतं. शेणखताच्या ओल्या मातीतलं साधं जाड गांडूळ देऊन बघा. तेही नको म्हणाला तर मात्र पुढं वाचा.

काय बघायचं

रोज दिवा लावायच्या वेळेला दोन मिनिटं टँकसमोर बसा. मी कल्ल्यांपासून सुरुवात करतो. निरोगी कल्ले मागं, बाजूला पसरलेले असतात, त्यांच्या झालरी भरगच्च. मागून वारा सुटल्यासारखे ते सतत पुढं वळलेले दिसले तर प्राणी त्रासात आहे. फिल्टरचा झोत जोरात असेल, अमोनिया असेल किंवा पाणी गरम असेल. झालरी झडून नुसते देठ उरत असतील तर पाणी बरेच दिवस खराब आहे.

मग शेपटी. टोक आकड्यासारखं वळलं की तो ताण. कल्ले आणि शेपटी दोन्ही एकदम वळलेली असतील तर उद्यावर ढकलू नका.

जेवणाचं थोडं समजून घ्यायला लागतं. मोठा प्राणी दोन-तीन दिवसांआडच खातो, एखादं जेवण चुकलं तर चालतं. पण आठवडाभर तोंड लावलं नाही, किंवा गिळलेलं उलटून टाकलं, तर काहीतरी बिघडलंय. लहान पिल्लू, बोटाएवढं, दोन दिवस उपाशी राहिलं तरी काळजी करा.

तरंगण्यात फरक ओळखा. मनानं वर आलेला प्राणी मनानं खाली जातो. खाली जायचा प्रयत्न करतोय, पाय मारतोय आणि बुचासारखा पुन्हा वर येतोय, तर पोटात वायू आहे किंवा काहीतरी अडकलंय. सतत वर येऊन हवा घेणं, वेड्यासारखं काचेवर आपटत पोहणं, कातडी तुकड्यातुकड्यानं सुटणं ही पाणी विषारी झाल्याची चिन्हं.

त्वचेवर कापसाचा पुंजका म्हणजे बुरशी. पोटावर, पायांच्या आतल्या बाजूला लाल चट्टे, रक्त साकळल्यासारखे दिसले तर ते जिवाणूंचं काम असू शकतं, आणि या लेखातलं सगळ्यात गंभीर चिन्ह तेच.

पहिला तास

आधी थर्मामीटर. हाताला गार लागतंय हा अंदाज कामाचा नाही, आपलं अंग ३७ अंशाचं. मग टेस्ट किट, आणि तेही थेंबांचं. कागदी पट्ट्यांवर बहुतेक वेळा अमोनियाच नसतो. स्पंजमधले जिवाणू अमोनियाचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून वाचायच्या गोष्टी चार: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो २० पीपीएमच्या आत, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा) साडेसहा ते आठच्या मध्ये, साडेसातच्या आसपास उत्तम. पीएच आणि तापमान वाढेल तसा तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून मे महिन्यातला अर्धा पीपीएम जानेवारीतल्या अर्ध्यापेक्षा घातक. नायट्राइट वाढला तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच जाते. भोवती शेती असेल तर बोअरच्या पाण्यातच खताचा नायट्रेट असू शकतो. पाणी बदलूनही आकडा उतरत नसेल तर एकदा बोअरचंच पाणी तपासा.

आकडे वहीत लिहा, तारखेसकट. डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतात.

अमोनिया किंवा नायट्राइट पाव पीपीएम दिसला तर निम्मं पाणी बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. अर्धा किंवा त्यावर असेल, किंवा आकडे बरे असूनही प्राणी आजारी दिसत असेल, तर त्याला टँकमधून काढून टबमध्ये घ्या.

टबमधला मुक्काम

आठ-दहा लिटरचा साधा प्लास्टिकचा टब, ज्याला साबण कधी लागलेला नाही असा. शक्यतो दोन टब, एकातून दुसऱ्यात बदली करायला. अंग पूर्ण बुडून वर चार बोटं पाणी राहील इतकं भरा. वर भोकं पाडलेलं झाकण हवंच, हे प्राणी उडी मारतात. आत वाळू नाही, दगड नाही, लपायला फुटलेल्या मातीच्या कुंडीचा गुळगुळीत तुकडा पुरे. अंधाऱ्या, शांत जागी ठेवा.

टबला फिल्टर नसतो, त्यामुळं रोज पूर्ण पाणी बदलायचं. पूर्ण म्हणजे शंभर टक्के. नवीन पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं असावं. क्लोरीन घालवायचे थेंब घेताना लेबल वाचा. 'कोरफडयुक्त', 'त्वचेचं संरक्षण करणारे' असले नकोत, साधा सोडियम थायोसल्फेटचा द्रव बरा. थेंब नसतील तर रुंद बादलीत रात्रभर हवेचा पंप लावून ठेवलेलं पाणी तात्पुरतं चालतं. पावसाळ्यात मात्र दुप्पट सावध. कृष्णेला गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्यात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. २०१९ च्या पुरानंतर कितीतरी दिवस आमच्या नळाला जलतरण तलावाचा वास येत होता. अशा वेळी थेंबांच्या नेहमीच्या मात्रेवर विसंबू नका, क्लोरीन तपासा.

प्राणी हातानं उचलायचा नाही. मऊ जाळीही नको, बोटं आणि कल्ले अडकतात. एखादा डबा पाण्यात बुडवा, त्याला आत चालू द्या आणि पाण्यासकट उचला.

गार करणं, आणि त्याचा हिशेब

इथं सगळ्यांची गल्लत होते, म्हणून जरा थांबतो. ८० लिटरच्या टँकमध्ये १ लिटरची गोठलेली बाटली टाकली आणि ती पूर्ण वितळली, तर पाणी उतरतं जेमतेम एक-सव्वा अंशानं. म्हणजे २८ वरून २० वर यायला सहा-सात बाटल्या, आणि बाहेरची उष्णता आत येतेय ती वेगळीच. घरच्या फ्रीजरला हे झेपत नाही. उलट ८ लिटरच्या टबमध्ये अर्धा लिटरची एकच बाटली पाणी सहा अंशांनी खाली आणते. म्हणून उन्हाळ्यात आजारी प्राणी टबमध्येच गार ठेवणं शक्य असतं. पण तोच धोकाही आहे, सहा अंश अर्ध्या तासात उतरवले तर धक्का बसतो. तासाला एक-दोन अंश, त्याहून जास्त घाई नको. बाटली दहा मिनिटं ठेवा, काढा, थर्मामीटर बघा. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नका, ते नळाच्याच पाण्याचे असतात.

टँकसाठी पाण्यावर आडवा वारा सोडणारा छोटा पंखा मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत दोन-चार अंशांचा फरक पाडतो. वळवाच्या पावसानंतर हवा दमट झाली की तोच पंखा नुसता फिरत राहतो. खरा इलाज चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, आणि तो टँकपेक्षा महाग. माझं स्पष्ट मत: सांगलीत चिलर किंवा दिवसरात्र एसी परवडत नसेल तर हा प्राणी आणूच नये. हे मी स्वतः शहाणा होऊन नाही, एक मे महिना बाटल्या बदलत काढून सांगतोय.

लाईट गेली तर फिल्टरही बंद होतो, आणि स्पंजमधले जिवाणू प्राणवायूविना काही तासांत मरायला लागतात. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या.

काय झालंय त्याप्रमाणं पुढचं

बुरशीचा छोटा पुंजका असेल तर पहिले दोन-तीन दिवस फक्त गार, स्वच्छ टब. अनेकदा एवढ्यावरच गळून पडतो. सोबत बदामाचं पान वापरता येतं. शाळेच्या पटांगणात मोठ्या पानांचं देशी बदामाचं झाड असतं ना, त्याची आपोआप गळलेली, वाळलेली तपकिरी पानं. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली नकोत. धुऊन, उकळून, गार करून ते पाणी टबमध्ये फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतपत मिसळायचं. त्यातलं टॅनिन बुरशीला आवडत नाही.

मिठाची आंघोळ हा जुना उपाय, पण मी तो दुसऱ्या नंबरला ठेवतो, कारण कल्ल्यांना मीठ झोंबतं. करायचीच तर वेगळ्या भांड्यात, आयोडीन नसलेलं खडे मीठ १ लिटरला २ लहान चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, पूर्ण विरघळवून, टबच्याच तापमानाला. १० मिनिटं, घड्याळ लावून. १५ च्या वर कधीच नाही. दिवसातून दोनदा पुरे. तो तडफडायला लागला तर वेळ न बघता बाहेर काढा. टँकमध्ये कायमचं मीठ घालून ठेवायचं नाही.

चावा बसला, बोट तुटलं, पाय गेला तर लोक रडतात, पण यात सगळ्यात कमी काळजी करा. पाय पुन्हा येतो, हाडासकट, काही आठवड्यांत ते महिन्यांत. जखमेवर काही लावायचं नाही. हळद तर नाहीच. हळदीच्या बाजारपेठेत राहणाऱ्यांना हे सांगावं लागतं, कारण माझ्या आईनंही वाटी पुढं केली होती. गार पाणी आणि चावणाऱ्याला वेगळं करणं, बस्स.

पोट फुगलंय, आठ-दहा दिवस शी नाही, मागचा भाग वर उचलला जातोय, असं असेल तर टँकमध्ये खडे आहेत का बघा. हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट ओढतो, डोक्यापेक्षा लहान कुठलाही खडा पोटात जाऊ शकतो. जेवण बंद, गार टब, तीन-चार दिवस वाट. पुष्कळदा खडा शी बरोबर पडतो. टँकचे खडे कायमचे काढून टाका, तळ उघडा ठेवा किंवा अगदी बारीक वाळू.

यावर फ्रीजमध्ये ठेवायचा उपायही सांगितला जातो: झाकणाच्या डब्यात, ५ ते ८ अंशांवर, म्हणजे पचन आणि जंतू दोन्ही मंदावतात. चालतो, पण मतभेद आहेत, आणि मी तो डॉक्टरशी बोलल्याशिवाय करू नका म्हणेन. वाळलेल्या, अशक्त प्राण्यावर तर नाहीच. केलाच तर तापमान एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्यानं उतरवा, रोज तेवढ्याच गार पाण्यानं डबा बदला, खायला देऊ नका, बाहेर काढतानाही तसंच हळू. आम्ही एकदा केला तेव्हा खालच्या कप्प्यात गुंड्या आहे म्हणून आईनं आठवडाभर शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये दही ठेवलं.

नुसतं तरंगत असेल, बाकी खुशीत असेल, तर पाण्याची उंची कमी करा, म्हणजे पाय तळाला टेकतील. बहुतेक वेळा गिळलेली हवा दोन दिवसांत निघते.

लाल चट्टे, अंगभर सूज, डोळे किंवा पोट पाण्यानं फुगल्यासारखं दिसणं, यावर घरगुती काहीच नाही. गार टबमध्ये ठेवून थेट डॉक्टर. अँटिबायोटिक लागलं तर ते वजनावर ठरतं, अंदाजानं टँकमध्ये गोळी विरघळवू नका.

हे कधीच नको

तांबं असलेलं कुठलंही औषध आणि मॅलाकाइट ग्रीन (माशांच्या बुरशीवर वापरतात तो हिरवा रंग). दुकानातली हिरवी-पिवळी बाटली लेबल न वाचता सोडायची नाही. तांब्यावरून एक इशारा खास आपल्या जिल्ह्यासाठी: तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागेतली गांडुळं आणू नका. बागेवर बोर्डो हे बुरशीनाशक फवारतात, त्यातलं मोरचूद म्हणजे तांबंच, आणि ते मातीत साचत जातं. टँकच्या खोलीत डासांची कॉइल, झुरळांचा स्प्रे, धूप हेही बंद.

डॉक्टरकडे जाताना

आपल्याकडे पशुवैद्य पुष्कळ, पण त्यांचा दिवस गाई-म्हशी आणि कुत्र्यांत जातो. आधी फोन करून विचारा, उभयचर बघता का. नाही म्हणाले तरी ते दुसरं नाव सुचवू शकतात. पुण्यात विदेशी पाळीव प्राणी बघणारे डॉक्टर मिळतात. वाटेत सातारा जिल्ह्यात शिरवळला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही चौकशी करायला हरकत नाही. हे फोन नंबर प्राणी ठणठणीत असतानाच वहीत लिहून ठेवा.

कागदपत्रांचंही तेव्हाच बघा. अ‍ॅक्सोलॉटल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' करारातल्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि अशा प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

प्रवासाआधी एक-दोन दिवस खायला देऊ नका, वाटेत पाणी घाण होत नाही. घट्ट झाकणाचा डबा, निम्मं पाणी, निम्मी हवा. तो थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली गोठलेली बाटली, डब्याला न चिकटता. उन्हाळ्यात पहाटे चारला निघा. सोबत आकड्यांची वही, टँकच्या पाण्याची एक बाटली, शी आणि चट्ट्यांचे फोटो. वजन घरीच करा: पाण्यासकट डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, मग प्राणी आत सोडा. हात आधी आणि नंतर धुवा. नंतर साबणानं, कारण उभयचरांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

परत टँकमध्ये

प्राणी खायला लागला, कल्ले मागं गेले, म्हणून लगेच सोडू नका. टँकमध्ये सलग आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसायला हवेत. जिवाणू मेले असतील तर नव्यानं वाढायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर टबच. गुंड्या त्या दिवाळीनंतर सदतीस दिवस टबमध्ये होता. रोज सकाळी पाणी बदलून मग आंघोळ, असा माझा क्रम झाला होता. स्पंज आता टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळतो, थोडा काळाच ठेवतो. आई अजूनही त्याच्याकडं बघून नाक मुरडते.